गच्चीवरची मासेमारी

शिवाजीनगरच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली जे. पी. नगरची एक गच्ची आठवते. कारवारच्या सहलीआधी आमचे साहेब तिथे ऑफिसातल्यांच्या मुलांना धक्क्यावरून मासे धरायला शिकवत होते. मला पहिली नोकरी त्यांनीच दिली, ते उपकार मी विसरलेलो नाही. पण समुद्र त्यांनी बहुधा विमानातूनच पाहिला होता. परदेशी काठी डोक्यावरून गर्रकन फिरवून त्यांनी गळ फेकला आणि तो मागे उभ्या असलेल्या माझ्या लहान मुलीच्या केसांत अडकला, डोळ्याच्या बोटभर वर.

"हिला मागे कुणी उभं केलं?" साहेब ओरडले.

"तुम्हीच, साहेब," केस कापून गळ सोडवत मी म्हणालो. "आमच्या वेंगुर्ल्यात मुलं बरोबर असली की दोरी धक्क्यावरून सरळ खाली सोडतात. मासे खांबांपाशीच असतात."

"ते अडाण्यांचं काम. हे शास्त्र आहे!"

मुलगी हुंदके देत होती. साहेब काठीवर ओरखडा पडला का, ते पाहत होते.

तेव्हा मी संतापलो होतो. आता रागही येत नाही. रागावण्याइतका तो माणूस मोठा नव्हता.