नाव न विचारणारी खोली

लातूरच्या बाजारात आमची धान्याची आडत आहे, वडिलांपासूनची. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय सकाळी तोंडात पाणी नाही, असं आमचं घर. त्या घरात राहून मी दारू प्यायचो. गोदामात तुरीच्या पोत्यांमागं बाटली ठेवायचो आणि सौदा संपला की हिशेब बघायचं निमित्त करून तिथं बसायचो. बायकोला माहीत होतं. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

सोडायची म्हटलं तर लातुरात सोय होती. पण ज्या बाजारात तोंडी शब्दावर मालाचे सौदे होतात, तिथं ‘हा दारू सोडायला जातो’ हेसुद्धा ‘हा पितो’ इतकंच वाईट. बायकोनंच कुणाकडून तरी ऐकलं की नांदेडला असं एक मंडळ आहे, तिथं नाव विचारत नाहीत. म्हणाली, “तिकडं जा. इथं नको.” घरी सांगितलं की नांदेडचे व्यापारी गाठायला जातो. दर रविवारी दुपारी अहमदपूर, लोहा करत एसटीनं जायचं आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं, असं सुरू झालं.

खोली नांदेडच्या जुन्या वस्तीत होती. कधी काळी तिथं शिकवणी चालायची, त्यामुळं भिंतीवर फळा होता आणि बसायला बुटकी बाकं. मंडळ चालवणारे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा कुडता. चहा स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी सवयीनं नाव सांगायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नाव नको बाबा. कुठून आलात तेवढं बास हाय. आजपासून तुमी लातूरवाले.”

मग मी लातूरवाले झालो. एक होते लोहेवाले, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, हाताच्या रेषांत काळं वंगण कायमचं बसलेलं. एक निलंग्याच्या बाई होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांचं माहेर नांदेडचं, आईला भेटायचं म्हणून त्या यायच्या. मराठवाड्यात बाईनं पिणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्या कधी फार बोलल्या नाहीत. पण एकदा म्हणाल्या, “मी फक्त ह्या खोलीत डोक्यावरचा पदर सोडून बसते.” आणखीही चार-सहा जण यायचे-जायचे. पण पाया म्हणाल तर आम्हीच.

लोहेवाले माझ्याच गाडीत लोह्याला चढायचे. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. ते मागं बसायचे, मी पुढं. नांदेडला उतरल्यावर वेगवेगळ्या ऑटोनं जायचो आणि खोलीत शिरल्यावर मात्र सख्ख्या भावासारखं गळ्यात पडायचो. एकदा ते हसून म्हणाले, “चोरासारखं येऊन राहिलो आपण. चोरी सोडायला.”

मंडळाचा एकच कडक नियम होता. तल्लफ आली की फोन करायचा. वेळ बघायची नाही. समोरच्यानं उचलायचा आणि फार शहाणपण न शिकवता बोलत राहायचं. मी लोहेवाल्यांशी पावसाबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल, त्यांच्याकडं आलेल्या एखाद्या हट्टी इंजिनाबद्दल बोललोय. ती घटका टळायची. अशा टळलेल्या घटकांवरच काही वर्षांत माझं घर पुन्हा उभं राहिलं.

मग एका रविवारी आम्ही खोलीत असताना बाहेरच्या रस्त्यावर दंगा झाला. मिरवणुकीवरून दोन गटांत बाचाबाची, मग दगड, मग एक दुकान पेटलं. चाचांनी दार लावून घेतलं. आम्ही बाकांवर बसून राहिलो. शांत झाल्यावर चाचांनी एकेकाला गल्लीच्या मागच्या बाजूनं बाहेर काढलं. निलंग्याच्या बाईंना ते स्वतः त्यांच्या माहेरच्या कोपऱ्यापर्यंत सोडून आले. मला वाटलं, झालं ते एवढंच.

काही दिवसांनी सौदा ऐन भरात असताना माझा फोन वाजला. मी हमालांपाशी माल बघत होतो, फोन गादीवर पडलेला. अण्णानं उचलला. बोलणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

“नांदेडच्या पोलीस ठाण्यातून होता. तू दंग्याच्या दिवशी तिथं होतास म्हणून राहिले. येऊन जबाब द्या म्हणाले. काय भानगड हाय?”

मी म्हणालो, “चूक झाली असेल.”

“चूक कशी? तुझा नंबर तिथं होता म्हणे. एकदा न्हाई, लई वेळा.”

मी नांदेडला गेलो. समोर बसलेला अधिकारी तरुण होता, वागायला अगदी नम्र. पंखा माझ्याकडं वळवला, पाणी दिलं. त्यानं समजावून सांगितलं की त्या संध्याकाळी त्या भागातल्या मोबाइल टॉवरखाली जितके फोन होते, त्या सगळ्यांचे नंबर कंपनीकडून मागवलेत. हजारो होते. त्यातून बाहेरगावचे निवडले. मग त्या बाहेरगावच्यांपैकी कोण कुणाला फोन करतो ते काढलं.

“आता हे बघा,” तो म्हणाला. “तुम्ही लातूरचे, एक लोह्याचा, एक निलंग्याचा, आणि एक इथले म्हातारे. धंदा एक नाही, नातं नाही, जात नाही, धर्म नाही. पण दर रविवारी एका जागी, आणि अधूनमधून अपरात्री एकमेकांना फोन. दंग्याच्या दिवशी तर सगळे हजर. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?”

खरं सांगायचं तर मीही तेच समजलो असतो. आमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्याच्या पडद्यावर कटासारखं दिसत होतं.

मी सांगितलं. दारूचं, खोलीचं, फोनचं, सगळं. सांगताना मान वर होत नव्हती. माझ्या शेजारी हवालदार काहीतरी लिहीत होता, त्याची लेखणी थांबली एवढं कळलं.

“बरं, मग खोलीत अजून कोण कोण होतं? नावं सांगा.”

“नावं माहीत नाहीत साहेब.”

“इतकी वर्षं एकत्र बसता आणि नाव माहीत नाही?”

“विचारत नाही आम्ही.”

त्याला मी खोटं बोलतोय असं वाटलं असावं. मग त्यानं पडदा आपल्याकडं ओढला आणि पडताळणीसाठी म्हणून एकेक नाव वाचायला लागला. नाव, बापाचं नाव, गाव. लोहेवाल्यांचं नाव मला असं कळलं. चाचांचंही. त्यांच्याकडून कधी ना कधी कळलं असतं, तर त्यांनी आपल्या हातानं दिलेलं असतं. ती नावं मी अजूनही तोंडानं उच्चारलेली नाहीत आणि इथंही लिहीत नाही.

निलंग्याचं नाव वाचलं ते पुरुषाचं होतं. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. बाईंचं सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर होतं. पोलिसांनी जबाबासाठी बोलावलं होतं ते नवऱ्याला.

“त्यांनी काय सांगितलं?” मी विचारलं.

“म्हणाले, मी तर त्या दिवशी उसाच्या फडात होतो. फोन बायकोकडं असतो. मग त्यांनीच बायकोला विचारलं असेल.” तो हे सहज बोलला. त्याच्या दृष्टीनं एक धागा सुटला होता.

निघताना मी विचारलं, “आता आमचं काय?”

“तुमचं काही नाही. जा बिनधास्त.”

“आणि ही माहिती?”

“ती राहते,” तो म्हणाला. दार दाखवायला उठलासुद्धा.

चाचांकडं गेलो तर ते खोलीत एकटेच बसले होते. त्यांना दोनदा बोलावून झालं होतं. त्यांच्या नावामुळं प्रश्नही वेगळे होते. पैसा कुठून येतो, बाहेरगावची माणसं कशाला जमवता. ते चिडले नव्हते. नुसते म्हणाले, “मी लोकांना सांगत होतो, हितं कुनी पुसनार न्हाई. मी जबान दिली होती. माझी जबान खोटी पडली.”

“तुमचा काय कसूर चाचा?”

“कसूर न्हाई. पण जबान माझी होती ना.”

त्यानंतर रविवारी माणसं कमी झाली. कुणी म्हणालं, फोन घरी ठेवून येऊ. एकानं तसं केलंही, तर वाटेत गाडी बंद पडली आणि घरचे रडकुंडीला आले. पण येणं कमी होण्यापेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. आमचं एकमेकांना फोन करणं बंद पडलं. नियम कुणी मोडायचा असं ठरवलं नव्हतं. तल्लफ यायची, हात फोनकडं जायचा आणि मनात यायचं, हाही कुठंतरी मोजला जाईल. समोरच्याला उगीच अडचण कशाला. मी माझ्यापुरतं सांगतो, त्या दिवसांत मी देवघरासमोर जाऊन नुसता बसायचो आणि बायको माझ्या मागं येऊन बसायची. ती होती म्हणून मी तरलो.

निलंग्याच्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा नंबर लागेना. चाचांनी त्यांच्या माहेरी चौकशी केली. आई म्हातारी दाराआडूनच बोलली, “तिला आता हिकडं पाठवीत न्हाईत.” नवऱ्याला बायको पिते याचा राग होता की आपल्याला न सांगता सोडायला जाते याचा, कोण जाणे. बाईंनी दारू केव्हाच सोडलेली होती. त्यांच्या बाबतीत जे घडलं ते दारूमुळं घडलं नाही, एवढंच मला म्हणायचंय.

एका बाजाराच्या दिवशी लोहेवाले थेट आमच्या दुकानात आले. उन्हातून आलेले, शर्टाला घाम, हातात टोपी. सगळ्यांसमोर त्यांनी मला नावानं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ठाण्यात माझंही नाव त्यांच्यासमोर वाचलं गेलं होतं.

“माफ करा,” ते म्हणाले. “नाव घेऊन शोधत आलो. दुसरं काय करावं कळंना. घटकाभर बसू द्या.”

ते पिलेले नव्हते. पण कडेला आलेले होते, ते मला डोळ्यांवरून कळलं. गादीवर दोन व्यापारी, अण्णा, दारात हमाल. अण्णानं भुवई उडवली, हे कोण? मी तोंड उघडलं आणि काही ठरवायच्या आत बोलून गेलो, “हे माझे मित्र. दारू सोडायला आम्ही दोघं एकत्र बसत होतो नांदेडला.”

व्यापाऱ्यांपैकी एकजण मुठीतल्या तुरीकडं बघायला लागला. अण्णा उठला. मला वाटलं, आता हा बाहेर जाणार. त्यानं कोपऱ्यातला माठ वाकडा करून तांब्या भरला, लोहेवाल्यांच्या हातात दिला आणि मला म्हणाला, “आत घेऊन बस. हितलं मी बघतो.”

आम्ही गोदामात बसलो, सौदा संपून बाजार ओस पडेपर्यंत. त्यांनी सांगितलं की चौकशीला आलेला शिपाई गॅरेजवर गिऱ्हाइकांसमोर बोलला होता, ‘दंग्याच्या वेळी नांदेडात काय करत होतास?’ त्यावर गावानं दोन अर्थ लावले आणि दोन्ही वाईट होते. दंग्यातला म्हणून काहींनी कामं द्यायचं बंद केलं. खरं कारण सांगितलं तर बेवडा म्हणून उरलेल्यांनी केलं असतं. “सांगू तरी काय?” ते म्हणाले. “दोन्हीकडून नागडा हाय मी.”

जाताना मी म्हटलं, “फोन करत जा. होऊ दे काय व्हायचं ते.”

ते “हाव, करतो” म्हणाले. पण नंतर केला नाही. मी केला तर नंबर बंद. सिमच काढून टाकलं असावं. त्यांचं गाव, त्यांचा पत्ता मला ठाण्यातून माहीत होता. जावं असं कितीदा वाटलं. चाचांनी अडवलं. “तुमी दारात उभं ऱ्हायलात की गाव पुन्हा पुसंल, ह्यो कोन? ते आले तर त्यांची मर्जी.” मी लोह्याला गाडी थांबली की खिडकीतून बघत राहायचो. पुढं अहमदपूरच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं सौद्याला आला असताना बोलता बोलता सांगितलं, त्यांचं गॅरेज बंद आहे, माणूस दिवसाही पडून असतो. त्याला मी काही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

अण्णा त्या दिवसापासून एकच करतो. रविवारी दुपारी तो मला म्हणतो, “गाडी चुकंल, ऊठ.” माझ्या पिण्याबद्दल तो एका शब्दानं बोललेला नाही. त्याला आधीपासून माहीत होतं की काय, तेही मी विचारलेलं नाही. बाजारात थोडी कुजबुज झाली आणि तुरीच्या पुढच्या हंगामात विरली. मी वाचलो. माझं दुकान होतं, भाऊ होता, बायको होती. ज्यांच्याकडं ती खोली सोडून दुसरं काही नव्हतं, ते वाचले नाहीत. सरकारला आमचं वाईट करायचं नव्हतं हे मी मानतो. त्या पोरसवदा अधिकाऱ्यानं माझ्याकडं पंखा वळवला होता. पण कुणाच्या मनात वाईट नसताना इतकं वाईट होतं, याचं दुःख कुणावर रागावून काढावं ते कळत नाही.

खोलीच्या मालकानं खोली परत मागितली. चाचा आता घराच्या ओसरीत बसतात. मी जातो, कधी आणखी एखादा असतो, नाहीतर आम्ही दोघंच चहा पितो. गेल्या महिन्यात मी तिथं असताना चाचांना फोन आला. त्यांच्या फोनचा आवाज मोठा असतो, पलीकडचं मलाही ऐकू आलं. आवाज कोवळा होता, घाबरलेला, देगलूरकडचा वाटला. कुणाकडून तरी नंबर मिळाला होता त्याला. घ्यायची सोडायचीय म्हणाला. मग विचारलं, “चाचा, तिथं येताना कुणाला कळंल का?”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. पूर्वी ह्या प्रश्नाला ते हसून एका श्वासात उत्तर द्यायचे. आता त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

“बेटा,” ते म्हणाले, “माझ्याकडून कळनार न्हाई. बाकीचं मला सांगता येत न्हाई.”

मग तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही त्या रविवारी त्याची वाट पाहिली, पुढच्याही. चाचा तिसरा कप काढून ठेवतात.