कागदावरचा सुतार

मी सुतार नाही. आयुष्यात रंधा हातात धरलेला नाही. खोलीतल्या टेबलाचा पाय डुगडुगायला लागला तर मी खाली पुठ्ठा घालतो. तरीही कतारच्या सरकारी दप्तरात मी अकरा वर्षं सुतार आहे, आणि त्या एका शब्दापायी माझ्या बायकोला माझ्याजवळ राहता आलं नाही. आठवलं की आजही डोकं सणकतं. राग कुणाकुणावर आहे म्हणाल, तर यादी मोठी आहे.

मी कराडकडचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. अल रय्यानमधल्या एका कंत्राटदार कंपनीत सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग काढतो. आमच्या भागातली माणसं इकडं येतात ती घोळक्यानं. गावचा कुणीतरी इथं फोरमन असतो, त्याच्या कंपनीला व्हिसे सुटतात, आणि ते ज्या धंद्याचे सुटतील त्या धंद्याचे आपण व्हायचं. त्या वर्षी सुतारांचे सहा सुटले. झालो आम्ही सुतार. त्यात एक ट्रॅक्टर चालवणारा, दोन वायरमन, एक गवंडी, एक बी.ए. झालेला, ज्याला काहीच येत नव्हतं, आणि मी. खरा सुतार औषधालासुद्धा नव्हता. फोरमन म्हणाला, "आधी आत शिरा रे. कार्डावर काय लिहिलंय ते कोण बघतंय?" आणि खरंच कुणी बघितलं नाही. वर्षभरात मला एसीतली खुर्ची मिळाली, टेबलावर दोन स्क्रीन आले. आयडीवर अरबीत 'नज्जार' तसंच राहिलं. नज्जार म्हणजे सुतार.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनंच एक पत्रक काढलं होतं. ज्यांचं काम एक आणि कार्डावर दुसरंच, त्यांनी आपली सर्टिफिकेटं सरकारी शिक्के मारून आणावीत, धंदा बदलून मिळेल. आमच्या खोलीत त्यावर बैठक बसली. खोलीतला शहाणा म्हणजे मी, इंग्रजी पत्रं वाचणारा. मी म्हणालो, "कुणी हलू नका. एकानं बदललं की विचारतील, मग आलास कसा? फोरमनचं नाव निघेल, बाकीच्या पाचांचं उकरतील. सुखाचा जीव दुःखात कशाला घालता? कार्डावरच्या शब्दानं काय फरक पडतो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रकाच्या कागदावर त्या दिवशी आम्ही कांदा चिरला.

बायको माझी नेपाळची, बुटवलची. ती इथं एका मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड होती. आमची ओळख भांडणातून झाली. मी बंद झालेल्या दारातून आत शिरत होतो आणि तिनं मला हात आडवा करून थांबवलं. मी आवाज चढवला, तिनं चढवला नाही, पण दारातून हललीही नाही. तिचं कंत्राट संपलं, ती परत गेली, तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात लागली. आम्ही फोनवर राहिलो. लग्न तिच्या गावी केलं, आठ दिवसांच्या रजेत. आईनं आधी बोंब ठोकली, मग सुनेशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागली, आणि आता दोघी मिळून माझ्या तक्रारी करतात.

ठरलं असं की तिनं टुरिस्ट म्हणून यायचं आणि ती इथं असतानाच मी स्पॉन्सर होऊन तिचा कायमचा परवाना काढायचा. असं करता येतं, कितीतरी जणांनी केलंय. मुदतवाढ धरून हातात दोन महिने होते. तिनं शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मी बॅचलर खोली सोडून एका व्हिलातली जिप्समच्या भिंतींनी पाडलेली खोली घेतली. पलीकडच्या खोलीतला माणूस शिंकला की आमच्याकडं कळायचं. तिनं पहिल्याच दिवशी खिडकीत कोथिंबीर पेरली. दोन महिन्यांत उगवते का बघू, म्हणाली.

पहिल्या आठवड्यात आम्ही टायपिंग सेंटरला गेलो. इथं कुठलाही सरकारी फॉर्म अरबीत टाइप करून द्यावा लागतो, त्याची ही दुकानं. मी लग्नाचं सर्टिफिकेट, फोटो, पगारपत्रक, सगळं फायलीत लावून नेलं होतं. टायपिस्टनं माझा आयडी हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"नज्जार है. फॅमिली नहीं होगा," तो म्हणाला. "कामगारवाल्या धंद्यावर बायको आणता येत नाही. आधी धंदा बदलून या."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला हे माहीतच नव्हतं. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांना मी ऐटीत सांगितलं होतं की मी नकाशे काढतो. "तुम्ही सुतार?" ती म्हणाली, आणि हसायला लागली. टायपिस्टही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला सुनावलं की तुझं काम टाइप करायचं, कायदा शिकवायचं नाही. त्यानं खांदे उडवले आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

मग सुरू झाली दारोदार वणवण. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करून आणणारा माणूस, त्याला पकडलं. तो म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या बघू. दुसऱ्या दिवशी उद्या, तिसऱ्या दिवशी फोनच बंद. एच.आर.ची बाई म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी आम्ही पत्रक काढलं होतं, तुमच्या ग्रुपमधून एकसुद्धा अर्ज आला नाही. का?" मी काय सांगणार कपाळ! म्हणालो, सायटीवर होतो, कळलं नाही. ती म्हणाली, डिप्लोमा मुंबईचा, दिल्लीचा आणि तिथल्या कतारी वकिलातीचा शिक्का मारून आणा, मग बघू. गावी भावाला फोन केला. त्यानं ट्रंका उपसून डिप्लोमा काढला आणि तंत्रशिक्षण बोर्डाच्या ऑफिसात गेला, तर तिथं पडताळणीलाच तीन आठवडे. भावाला शिव्या दिल्या. त्याचा काडीचा दोष नव्हता, पण फोनवर तोच होता.

बायको दिवसभर त्या खोलीत बसायची. मी सकाळी पाचला जायचो आणि संध्याकाळी सहाला यायचो तो रागाचं गाठोडं घेऊन. आज याला असं बोललो, त्याला तसं झापलं. ती ऐकायची, वाढायची. एकदा म्हणाली, "शाळेतून फोन आला होता. कधी येणार विचारतात." मी खेकसलो, "सांग, येणार नाही म्हणून! मी काय इथं झक मारतोय?" तिनं तसं सांगितलं नाही. पंधरा दिवस थांबा, एवढंच सांगितलं, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवस उरले तेव्हा माझ्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. हा पुण्याचा. अल अझीझियात मोठा व्हिला, दोन पोरं इंग्रजी शाळेत. बाप मराठीत हाक मारतो आणि पोरं 'कमिंग' म्हणतात. अकरा वर्षांत याच्या घरचा चहा मी प्यालेलो नाही. पण त्या दिवशी एकदम घरच्यासारखं बोलायला लागला.

"अहो, मला कळलं वहिनींचं. आपली माणसं आपण नाही बघायची तर कुणी? माझ्या नावावर एक घरकामाचा व्हिसा निघतो. वहिनींना त्यावर घेऊ. कागदावर मेड, बाकी काही नाही. राहतील तुमच्याजवळच."

मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सर, उपकार झाले, असं तोंडात आलं होतं. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "आता आमच्याकडे नाव लागणार, म्हणजे सकाळी दोन तास येऊन गेल्या तर बरं. भांडी, पोरांचे डबे. घरचंच समजायचं हो."

मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. दार आपटलं एवढं खरं. बाहेर पंधरा माणसं स्क्रीनमधून डोकं काढून बघत होती. घरी गेलो तोही तणतणतच, आणि बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, ही असली आपली माणसं! माझ्या बायकोला हा भांडी घासायला लावणार!

मला वाटलं तीही पेटेल. ती म्हणाली, "हो म्हणायचं होतं."

"काय?"

"कागदावर मेड. तुम्ही कागदावर सुतार आहात, तशी मी मेड. दोन तास भांडी घासली तर काय होतं? मी बारा-बारा तास मॉलच्या दारात उभी राहिलेय."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? तुमच्या कार्डावर खोटं लिहिलं तर फरक पडत नाही, माझ्या कार्डावर लिहिलं तर तुमची इज्जत जाते?"

आमचं बोलणं हिंदीत चालतं, आणि ती मला कायम 'आप' म्हणते. त्या संध्याकाळी ती 'तुम'वर आली. मी म्हणालो, माझ्या बायकोनं माझ्याच साहेबाच्या घरी मोलकरीण व्हायचं नाही, विषय खलास. ती म्हणाली, तुला विचारून मी मॉलच्या दारातही उभी राहिले नव्हते. पलीकडच्या खोलीतल्या माणसानं भिंतीवर टकटक केलं. मी भिंतीवर उलट बुक्की मारली. त्यानंतर दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की मॅनेजर आता तो व्हिसा देणार नाही. ते दार मीच आपटून बंद केलं होतं, तेव्हा त्यात नवीन असं काही नव्हतं.

डिप्लोमा दिल्लीत अडकला. मुदतवाढ एकदा झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. शेवटच्या दिवशी शुक्रवार होता. दुपारचं विमान. सकाळी ती बॅग भरत होती आणि मी दारात उभा राहून तोंडाचा पट्टा चालवत होतो. फोरमन हरामखोर, मंदूब कामचोर, बोर्डातले कारकून बैलोबा, मॅनेजर तर विचारूच नका. अकरा वर्षं या देशाच्या गटारांचे नकाशे काढले, आणि एक बाई माझ्याजवळ ठेवायला मला परवानगी नाही! दोन माणसांना एका खोलीत राहायला किती शिक्के लागतात, सांग मला, किती?

ती घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बुटवलला एकही लागत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही लग्नाला आलात तेव्हा सीमेवर कुणी काय विचारलं? भारताच्या माणसाला माझ्या देशात व्हिसा लागत नाही. स्पॉन्सर लागत नाही. सुतार, इंजिनिअर, कुणी विचारत नाही. उद्या आलात तरी मरेपर्यंत राहता येईल."

मला हे माहीत होतं. मी स्वतः गोरखपूरहून जीपमधून गेलो होतो. सीमेवरचा पोलीस माझ्याकडं न बघता भुईमूग सोलत होता. दोन महिने मी या ऑफिसातून त्या ऑफिसात नाचलो, सतरा जणांच्या अंगावर धावून गेलो, आणि हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर, येऊ दिलं नाही. एसीतली खुर्ची, दोन स्क्रीन, ऑफिसातला मान. तिनं शाळा सोडावी हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. मी काही सोडावं, हा प्रश्नच कुठं आला नव्हता. त्या खोलीत मला एकदम उकडायला लागलं आणि मी केलं ते नेहमीचंच केलं. ओरडलो.

"आणि तिथं येऊन मी करू काय?"

तिनं बॅगेची चेन ओढली, अडकली तिथं गुडघा दाबून पुन्हा ओढली. मग सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "मी इथं दोन महिने केलं तेच. खोलीत बसायचं. मी कामावरून येईपर्यंत वाट बघायची."

विमानतळ येईपर्यंत मी टॅक्सीवाल्याशी रस्त्यावरून भांडलो. तो बिचारा बरोबर रस्त्यानं चालला होता.