वसुधाच्या ताटातली मेथी

मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही. आमच्या बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत सगळे म्हणतात, "वसुधावहिनींसारखी सून मिळायला भाग्य लागतं." भाग्य कुणाचं? तिचं तर नव्हे!

वसुधा माझी समोरची शेजारीण. नवरा शैलेंद्र कारखान्यात इंजिनियर, मुलगी जुई पुण्याला नोकरीत. सासरे सदाशिवराव, म्हणजे आमचे सगळ्यांचे अण्णा, याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं मात्र लख्ख आहे. तेव्हापासून त्यांचं अंग पुसणं, औषधं, भरवणं, सगळं वसुधाकडे.

भाजी घ्यावी तर तिनेच. पालक पान न् पान उलटून बघेल, मेथी हुंगेल, दुधीला नख लावेल. भाजीवाली ओरडते, "अरे भाभी, नाखून मत मारो!" अण्णांना पालक घालून मुगाचं वरण, शैलेंद्रच्या डब्यात मेथी, किसलेल्या बिटाची कोशिंबीर. आणि स्वतः? सगळ्यांचं आटोपल्यावर, अडीच-तीनला, ओट्याशी उभी राहून गार पोळी नि लोणचं. भाजी तोवर संपलेली असते. संपणारच! बाई इतरांपुरतीच करते.

इकडे हिंदी मुलखात पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची. वसुधा हे इमानेइतबारे पाळते. मेथीचे कोवळे देठसुद्धा फाटकाशी येणाऱ्या गायीला जातात. मी एकदा विचारलं, "अगं, गायीची ठरलेली, कुत्र्याची ठरलेली, मग तुझी कोणती?"

"उरेल ती, रजनीताई," म्हणाली आणि हसली. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

जुई रोज फोनवर चित्रं पाठवते. रंगीत वाडग्यात ब्रोकोली, वर तीळ, खाली 'आई, स्वतःचे लाड कर!' कधी करायचे गं बाई? अण्णांची चादर बदलताना? महिनाभर येऊन आजोबांना भरव, मग पाठव चित्रं.

गेल्या आठवड्यात अण्णांना भरवता भरवता वसुधा माझ्यासमोर मटकन खाली बसली. चक्कर आली. वाटी सांडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, रोज ताटात पालेभाजी आणि डाळ हवीच, वर लिंबू पिळून. नाही ऐकलंत तर दवाखान्यात दाखल करावं लागेल. त्यावर शैलेंद्र काय म्हणाला? "काळजी घेत जा गं जरा." घेत जा! जशी काही काळजी भाजीबाजारात मिळते आणि हीच आणायला विसरली! एवढं बोलून तो स्कूटर काढून निघूनही गेला.

माझं डोकंच सटकलं. तडक अण्णांच्या खाटेशी गेले. ऐंशीच्या माणसावर आवाज चढवू नये, कळतं मला. पण चढवला. "अण्णा, बायकांनी मागून बसायचं, हा नियम या घरात तुमचाच ना? तुमच्या वाटीत रोज ताजा पालक पडतो आणि तो निवडणारीच्या अंगात रक्त नाही. सात आलंय, सात! ही आडवी झाली तर तुम्हाला कोण भरवणार?"

दारातून वसुधा "ताई, पुरे हो" म्हणत होती. मी घरी निघून आले. वाटलं, जरा जास्तच बोलले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी माफी मागायला म्हणून गेले. वसुधा मेथीची डाळभाजी पोळीत कुस्करून अण्णांना भरवत होती, आणि अण्णांनी तोंड गच्च मिटून घेतलेलं.

"अण्णा, आ करा ना."

नाही म्हणजे नाही. ती घाबरली, त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. तेवढ्यात अण्णांनी डावा हात उचलला आणि तिच्या हातातला चमचा तिच्याकडेच वळवला. "तू... आ... धी."

"असं काय करता? मी जेवेन मागून."

पुन्हा तोंड बंद. मी स्वयंपाकघरात गेले, ताट वाढलं. गरम पोळी, डाळभाजी, लिंबाची फोड. तिला खुर्चीवर बसवलं. "उभ्याने नाही!"

तिने घास घेतला, चावला आणि थांबली. "मीठ कमीच पडतं का हो माझ्या हातून?" डोळ्यांत पाणी. रोज रांधणाऱ्या बाईला स्वतःच्या भाजीची चव ठाऊक नव्हती! अण्णा तिच्या ताटाकडे टक लावून बघत होते.

बाहेर टीव्हीसमोरून शैलेंद्रची हाक आली, "वसुधा, अण्णांचं आटोपलं का? मला वाढ."

ती सवयीने उठली. मी तोंड उघडणार तोच ती परत खाली बसली, भाजीवर लिंबू पिळलं आणि घास तोंडात असतानाच मोठ्याने म्हणाली, "थांबा. माझं जेवण चालू आहे."