टाचणी वृंदाच्या हातात होती तेव्हा

असले गूढ अनुभव सांगणाऱ्यांपासून मी कायम चार हात लांब राहिलो. कुणी सुरुवात केली की चहाच्या निमित्ताने उठून जायचो — तेव्हा उठता येत होतं. आज मीच लिहायला बसलोय... आणि आधीच सांगतो, चिडून लिहितोय.

मी इंजिनिअर. पुण्यात शिकलो, भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात लागलो, तिथल्याच टाउनशिपमध्ये संसार मांडला. चाळिशीच्या आत शिडीवरून पडलो. दोष कुणाचा नव्हता, पाय सटकला. मणका मोडला, आतला मज्जारज्जू कायमचा गेला. बेंबीखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. पायावर कढत पाणी सांडलं तरी फोड दिसल्यावर कळतं.

तेव्हापासून माझी बायको वृंदा मला उचलते, कुशीवर वळवते, लघवीची नळी बदलते, पाठीवर जखम होत नाही ना ते रोज बघते. क्वार्टर पहिल्या मजल्यावर. खालचा मिळावा म्हणून तिने ऑफिसात किती चकरा मारल्या! ‘नंबर आएगा’ — एवढंच उत्तर.

मी पडल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. बाहेरगावच्या एका संस्थेची टीम टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये आली. मणक्याच्या दुखापतीनंतर माणसं कशी जगतात, काय करू शकतात, त्यांची देखभाल कशी होते, यावर संशोधन होतं. मला बरं वाटलं. कुणीतरी विचारतंय तरी! शेजारच्या मिश्राजींनी आणखी दोघांना घेऊन मला खुर्चीसकट खाली उतरवलं. लख्ख सकाळ, हॉलच्या खिडक्या उघड्या, बाहेर बायका भाजीवाल्याशी घासाघीस करताहेत. भुताखेतांचं वातावरण शोधत असाल तर ते इथे नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. झोप, भूक, मूड, सगळं विचारलं. मग ‘देखभाल करनेवाला है?’ मी वृंदाकडे बोट दाखवलं. त्याने टिक केलं. वृंदा वाट बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, तिच्याबद्दल काही विचारायचं नाही का. तो म्हणाला, ही स्टडी पेशंटची आहे. तिचा चेहरा मी ओळखतो. ती चिडली होती.

पुढे संवेदनांची तपासणी. मला टेबलावर झोपवलं, डोळ्यांवर टॉवेल टाकला. तो टाचणी टोचणार, मी कुठे लागलं ते सांगायचं. पोटापर्यंत सांगितलं. खाली... नेहमीसारखं शून्य. तेवढ्यात वृंदाचा आवाज आला. त्याने इतक्या जोरात टोचलं होतं की घोट्यापाशी रक्त आलं होतं. माझ्या पायाची साधी जखमसुद्धा महिनोन् महिने भरत नाही, हे तिला माहीत. निस्तरायचं तिलाच असतं.

“इनको पता नहीं चलता, इसका मतलब ये नहीं कि कुछ भी करो,” ती म्हणाली. आणि त्याच्या हातातली टाचणी काढून घेतली. “ऐसे. हलके से.”

मला लागलं.

डाव्या पायाची करंगळी. मी तसं म्हणालो. मग उजवा घोटा, मग टाच. मी सांगत गेलो. मध्ये काहीच जाणवलं नाही तेव्हा म्हणालो, आता काही नाही. तिने तेव्हा हात मागे घेतला होता, असं नंतर मिश्राजींनी सांगितलं. टॉवेलखाली माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपल्याला करंगळी आहे हेच मी विसरलो होतो हो!

डॉक्टरने टाचणी परत घेतली. काही नाही. त्याच्या सोबतच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने करून बघितलं. काही नाही. पुन्हा वृंदा — पुन्हा लागलं, अचूक.

आणि तो माणूस काय म्हणाला? “आप अंदाज़ा लगा रहे हैं। ऐसा होता नहीं है।”

होत नाही, म्हणून झालं नाही! मी म्हटलं, कारण सांगू नका, पण घडलं ते लिहा. त्याने मान हलवली. काही महिन्यांनी फोन करून विचारलं तर कळलं, माझी सगळी तपासणीच वगळली होती. विश्वासार्ह नाही म्हणे. म्हणजे तिने इतकी वर्षं माझी पाठ शाबूत ठेवली, तेही त्यांच्या संशोधनातून गेलं.

टाउनशिपमध्ये मात्र बातमी पोचली. मिश्राभाभी नारळ घेऊन आल्या, वृंदाच्या पाया पडायला लागल्या. साक्षात सावित्री वगैरे. वृंदाने पाय मागे घेतले. “नारियल रहने दीजिए भाभी. इतवार को किसी को भेज दीजिए, इनको नीचे धूप में बिठाना है।” त्या रविवारी लोक आले. पुढच्या रविवारी कुणी नाही.

मी मात्र त्याच विचारात अडकलो. एका दुपारी ती माझे पाय पुसत होती. मी म्हटलं, टाचणी आण, परत करून बघू. ती थांबलीच नाही, पुसत राहिली. मी पुन्हा म्हटलं, तशी फडकं बाजूला ठेवून म्हणाली, “अहो, लागलं तर तुम्ही उठून चालणार आहात का? उलट सगळे म्हणतील, हिलाच करू दे, हिच्या हाताला गुण आहे. आणि नाही लागलं तर? त्यानंतर तुम्हाला कोण सावरणार? मी नाही करणार.”

नंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

आता आम्ही भोपाळमध्येच कोलार रोडला राहतो, तळमजल्यावर. ती अजूनही रोज माझे पाय पुसते, तेल लावते. मला काहीही कळत नाही — त्याआधी कधी कळलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मग त्याच सकाळी का? पुष्कळ वाचलं, दोन चांगल्या डॉक्टरांना विचारलं. उत्तर नाही.

तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. फक्त ‘तुमच्या बायकोची पुण्याई’ असं लिहू नका. मला उचलून उचलून तिची कंबर गेली आहे, आणि आजवर एकाही माणसाने ती तपासलेली नाही.