आधी बसून घे

गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, अण्णा, माझ्याआधीच स्टँडवर गेले होते. एस.टी. लागताच त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, दारात गर्दीला आडवे झाले आणि मला चढवलं. "लोक बघायच्या आत बसून घे," म्हणाले. मी बसले, कॅलिपरचा, लोखंडी पट्ट्यांत बांधलेला पाय सीटखाली सारला, साडी सारखी केली. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून अण्णांचं हेच सांगणं होतं. एकदा बसले की मी चारचौघींसारखी दिसायचे. आमच्या घरातली पहिली पदवी पिशवीत होती, तरी गावाहून सोबत आणलं ते हे वाक्यच.

नव्वद साल उजाडायचं होतं. मीरा रोडला पेणकरपाड्यात चुलतभावाच्या खोलीवर उतरले. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. त्या नोकरीची मी आजही ऋणी आहे. पण तिथेही मी सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि सगळे गेल्यावर उठायचे. दिवसभर पाणीसुद्धा बेतानं प्यायचे. तुमच्यापैकी ज्या अशा अंग चोरून राहिल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सुधाकर तिथे मशीनने भांड्यांवर नावं घालायचा. नावांची यादी टाइप करून मी द्यायचे. एक दिवस यादी न्यायला आला आणि म्हणाला, "मॅडम, खुर्ची कोण पळवून नेईल म्हणून बसून असता काय?" मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. दुसऱ्या दिवसापासून तो सुट्टीनंतर थांबू लागला. बसस्टॉपपर्यंत माझ्या चालीनं चालायचा, एक पाऊल पुढे नाही. माझ्यामुळे कुणी हळू चालतंय आणि कंटाळत नाही, हे मला फार दिवस खरंच वाटत नव्हतं.

पुढे लग्नाचं बोलणं निघालं. त्याला आईवडील नव्हते, आत्यानं वाढवलेलं. बोलणी करायला त्याही येणार होत्या, म्हणून अण्णा गावाहून आले. पाहुणे यायच्या तासभर आधी त्यांनी मला चटईवर बसवलं आणि पायांवर साडी पसरायला लावली. आत्या आल्या. सगळे उठले, जयभीम झाला. मी बसल्या जागी हात जोडले. आत्या थबकल्या.

"ग्रॅज्युएट आहे ना, उठेल कशाला," म्हणाल्या.

मी सुधाकरकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्यानं आत्यांना सांगितलंच नव्हतं. संसार झाला, सगळं झालं, पण ती खाली गेलेली मान मला अजून विसरता येत नाही.

अण्णा डोळ्यांनीच नको म्हणत होते. मी भिंतीला धरून उठले. खोलीत कॅलिपरचा खटका वाजला. "मला पटकन उठता येत नाही आत्या, म्हणून बसून होते," म्हटलं.

आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. सुधाकरची खोली चौथ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, पाणी खालच्या नळावर. "तिथे पाणी कोण चढवणार?"

"आत्ता कोण चढवतोय? मीच ना," सुधाकर म्हणाला. तेव्हा मात्र मान वर होती.

"आज चढवशील. पुढं?" एवढं बोलून त्या निघाल्या.

विहारात मोजक्या माणसांत आमचं लग्न झालं. आत्या आल्या नाहीत. सुधाकरनं त्यांचं नाव घातलेलं एक ताट फळीवर उभं ठेवलं होतं. त्यात कधी कुणी जेवलं नाही. तो रोज सकाळी हंडे चढवायचा.

अण्णा आमच्याकडे एकदाच आले, न कळवता. दुपारी कडी वाजली. मी पलंगावर होते. कॅलिपर चढवून दारापर्यंत जायला मला वेळ लागायचा. माझी खटखट बाहेर ऐकू जात असणार.

"सावकाश ये पोरी," पलीकडून आवाज आला. "मी उभा आहे."

त्याच वर्षी अण्णा गेले. गावी पोचले तर बायकांनी भिंतीजवळ जागा केली. "आधी बसून घे गं," म्हणाल्या. अण्णांना उचलेपर्यंत मी उभी राहिले.

आता घर म्हटलं की गाव डोळ्यांसमोर येत नाही. खरं सांगायचं तर मीरा रोडही येत नाही. दाराच्या अलीकडे मी कॅलिपरचे पट्टे आवळत असते, आणि पलीकडे अण्णा उभे असतात.