आधी वाहन, मग रिक्षा

सुलभाबाई गेल्या, असा त्यांच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी कात्रजला गॅसच्या रांगेत रिक्षा घेऊन उभा होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत म्हटलं... मला आमचा वाद आठवत होता, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी असूनही अंगात तोच जोर चढला!

बाई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. शनिवार पेठेतून रोज त्यांना मीच न्यायचो. मी चौथी शिकलेला, पण ऐकून घेणारा नव्हे. एकदा मागच्या सीटवरून म्हणाल्या, "प्रोग्रॅममध्ये 'वाहन' हा एक क्लास, म्हणजे साचा. त्यावरून काढलेला दुसरा साचा 'रिक्षा'. नवी रिक्षा बनताना तिला उभं करणारा जो भाग आपोआप चालतो, तो कन्स्ट्रक्टर. पण आधी वाहनाचा पुरा होतो, मगच रिक्षाचा."

"असं कसं? मागितली रिक्षा, तर आधी रिक्षाच येणार."

"अहो बबनराव, चाकं-इंजिन नसताना मीटर कुठे लावणार? माझ्या डोक्यावर?"

मी हटलो नाही. "मग स्वतः लिहा आणि मला खोटं पाडा," म्हणाल्या, आणि आपला जुना लॅपटॉपच दिला! सिग्नलला रिक्षा थांबली की एकेक ओळ समजावायच्या. पुढे त्या आजारी पडल्या, तरी माझा प्रोग्रॅम काही चालेना. विचारायला जाईन तर मी कसला! पण डॉक्टरांनी हात टेकले असं लेकीनं सांगितलं, तसा लॅपटॉप घेऊन थेट दवाखान्यात गेलो. आता नाही चालला, तर मग कधी?

बाईंनी स्क्रीन पाहिली. आवाज अगदी बारीक झालेला. "वाहनाला इंधन लागतं... ते रिक्षानंच वर, वाहनाच्या कन्स्ट्रक्टरला पाठवायचं. तिच्या कन्स्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत."

ती ओळ घातली, बटण दाबलं. आधी 'वाहन तयार', त्याखाली 'रिक्षा तयार'! मी असा ओरडलो की नर्स धावत आली. "काका, हे हॉस्पिटल आहे!"

"हरलात ना?" बाई हसल्या.

"हरलो की!" हरून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता...

बाई गेल्यावर लेकीनं लॅपटॉप माझ्याकडेच राहू दिला. आता मी रिक्षावरून तिसरा साचा काढलाय, बॅटरीच्या रिक्षाचा. चालवण्याआधी काय उमटेल ते बोलून दाखवायचं, ही बाईंची शिस्त. परवा मोठ्यानं बोललो, आधी वाहन, मग रिक्षा, मग बॅटरीची रिक्षा. बटण दाबलं... तिन्ही ओळी अगदी तशाच!

सून आतून म्हणाली, "मामंजी, कोणाशी बोलताय?"

म्हटलं, "थांब गं जरा. बरोबर आलंय, ते सांगतोय."