पाखराचा हिरवा, शेवाळाचा हिरवा

ही गोष्ट मी घरातही कधी बोललो नाही.

सोलापुरातल्या एका लुगड्यांच्या दुकानात मी नमुने सांभाळायचो. मालकांनी मुंबईहून काचेच्या पेटीत पेंढा भरलेला पक्षी आणला. अंगठ्याएवढा, दूरच्या उष्ण मुलखातला. साहेब लोक त्याला हमिंगबर्ड म्हणत. त्याच्या गळ्याचा हिरवा लुगड्याच्या काठाला हवा म्हणून त्यांनी मला पेटीसकट आमच्या रंगाऱ्याकडे धाडलं.

रंगारी तेलुगू, वयानं मोठा. मी त्याला मामा म्हणे, तो मला तम्मी, म्हणजे त्यांच्या बोलीत धाकटा भाऊ. रंगाच्या खोलीत उजेड बेताचाच. त्यानं पेटी डोळ्यांशी धरली.

"हिरवा कुठाय रे, तम्मी? हा तर काळपट हाय. मालकाला चष्मा लागला वाटतं."

पेटी रोज मीच पुसायचो. उन्हात एका बाजूनं धरली तरच तो गळा पेटतो, जरा कलली की विझतो, हे मला ठाऊक होतं. पण मामाची फजिती बघायला गंमत वाटली. उद्या सांगू म्हटलं, आणि राहिलं.

हौदाच्या दगडावर मखमलीसारखं बुटकं शेवाळ वाळून तपकिरी पडलं होतं. मामानं ओंजळभर पाणी मारलं. बघता बघता त्याची बारीक पानं उलगडली, दगड हिरवा झाला.

"हे गरीब बरं. घोटभर पाणी दिलं की कुठूनबी हिरवंच. तुझं पाखरू लई मानी हाय."

मामानं दिसला तसा काळपट रंग सुताला दिला. मालकांनी मामाला बोलावून ते सूत दुकानाच्या दारात, उन्हात, पक्ष्याशेजारी धरलं.

"आंधळा झालास काय? उद्यापासून येऊ नकोस."

पेटी माझ्याच हातात होती. नुसती कलती केली असती तरी मालकांना कळलं असतं. पण गिऱ्हाइकांदेखत त्यांना खोटं पाडलं, तर उद्या मीही घरी. मी पेटी तशीच धरून उभा राहिलो.

पुढं वाचनात आलं, की त्या पिसांत हिरवा रंग मुळी नसतोच, त्यांवरून परतणारा उजेडच तसा दिसतो. शेवाळात मात्र तो वाळल्यावरही टिकून असतो. मामाचे डोळे चांगले होते.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरी गेलो. आंधळा ठरलेल्याला पुन्हा कुणी रंगाला लावलं नव्हतं; तो हमाली करत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला.

"मी तवा तुझ्याकडंच बघत होतो की, तम्मी."

आवाजात राग नव्हता. मला आठवतंय का, एवढंच विचारल्यासारखं तो म्हणाला. मला आठवत होतं.